खुडूक आणि खाडा

आमच्याकडं एखादा माणूस कामधंदा सोडून कोपऱ्यात बसला, कुणाशी बोलंना, हात लावला तर वसकन अंगावर आला, की बाया म्हणतात, "काय खुडूक कोंबडीवानी बसलाय!" हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो. चारचौघांना मी स्वतःही ऐकवलं. पण कोंबड्या सांभाळायचं काम उतारवयात माझ्याकडं आलं, तेव्हा कळलं की हे बोलणं खुराड्यात नीट डोकावून न बघणाऱ्यानं काढलेलं असणार. खुडूक कोंबडी रिकामी बसलेली नसते. त्या दिवसांत सगळ्या खुराड्यात तिच्याइतकं काम कुणीच करत नसतं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावठी कोंबडी लागोपाठ बारा-पंधरा अंडी घालते आणि मग तिचं अंडं बंद होतं. अंग गरम लागतं. पोटाखालची पिसं विरळ होतात, म्हणजे उघडी कातडी थेट अंड्याला लागावी. आवाज बदलतो, नेहमीचं कॉक-कॉक जाऊन खर्जातलं कुडूक-कुडूक सुरू होतं. खाली अंडी असोत नसोत, ती जागा धरून बसते. तिच्याखाली अंडी ठेवली की आम्ही म्हणतो कोंबडी रवणाला बसवली. तिथून २१ दिवस. या २१ दिवसांत ती दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटांसाठी. तेवढ्यात दाणे टिपायचे, पाणी प्यायचं, दिवसभराची एकदाच भली मोठी विष्ठा टाकायची, उकिरड्याकडंला मातीत लोळून अंग झाडायचं आणि पळत परत यायचं. अंडी गार व्हायच्या आत. बाकीचा सगळा वेळ ती अंडी चोचीनं फिरवत असते. कडेची मधी, मधली कडेला. अंडं फिरवलं नाही तर आतलं पिलू कवचाला चिकटून मरतं. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. शेवटच्या दोन दिवसांत अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी खालच्या आवाजात तिला उत्तर देते. रात्री खुराड्याजवळ कान लावून बसलं तर हे बोलणं ऐकू येतं. मी ऐकलंय. इतकं होईतोवर कोंबडी निम्मी झालेली असते, तुरा पांढरट पडतो, हातात घेतली तर छातीचं हाड लागतं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, की कोंबडीला खुडूक करणारं एक द्रव्य तिच्या मेंदूजवळच्या गाठीतून रक्तात उतरतं. त्याचं नाव प्रोलॅक्टिन. आणि बाळंतिणीच्या अंगात दूध उतरवणारं द्रव्यही तेच. म्हणजे खुडूक हा रोग नव्हे, नखराही नव्हे. मी ते नाव घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. वहीचं पुढं सांगतोच.

आता दुसरी बाजू. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ, फार तर सत्तर अंडी देते. एकदा खुडूक झाली की २१ दिवस बसणार, पिलं निघाली की ती कळती होईतोवर दीड-दोन महिने त्यांच्यामागं फिरणार. म्हणजे तीनेक महिने अंडं नाही. ज्या घरात मीठ-मिरची अंड्यावर येते, त्या घराला हे तीन महिने जड जातात. म्हणून गावोगाव खुडूक मोडायचे उपाय आहेत. कोंबडीच्याच पंखातलं पीस काढून तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालायचं, म्हणजे ती पीस काढायच्या नादात बसायचं विसरते. पाण्यात बुडवून काढायची. पाय बांधून उन्हात ठेवायची. डालग्याखाली दोन-तीन दिवस उपाशी कोंडायची. माझी माय पीस घालायची. तिच्या मायनंही तेच केलं असंल.

मीही केलं. लेक चौथीत असतानाची गोष्ट. आमच्याकडं एक काबरी कोंबडी होती, अंड्याला चांगली. उन्हाळ्याच्या तोंडाला ती खुडूक झाली. घरात पैसा नव्हता. मालकीण म्हणाली, "बसू द्या की तिला. तिचं मन झालंय."

"मनानं पोट भरतं व्हय?" मी म्हणलो.

"आवं, कशाला बुडवायलाव? पाप लागंल."

मी ऐकलं नाही. बैलाच्या हौदात काबरीला तीनदा बुडवली, नाकात पीस घातलं आणि सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती त्याच कोपऱ्यात, नाकात पीस तसंच, आणि पोटाखाली एक गोल दगड. दगडावर बसली होती. मी हसलो. लेकीला हाक मारून दाखवलं, तीही हसली. मालकीण हसली नाही. तिनं कोंबडीच्या नाकातलं पीस काढलं आणि काही न बोलता आत गेली. काबरी पुढं आठ-दहा दिवसांनी उठली, पण त्या वर्षी तिनं अंडं मात्र काही लवकर धरलं नाही.

आता खाड्याचं सांगतो. त्याशिवाय मला हे लिहायचं कारण कळणार नाही.

बालाघाटच्या डोंगरावरच्या आमच्या गावांतून दसरा-दिवाळी झाली की अर्धी माणसं ऊसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, पण मोजणीत एक. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ती फेडायची. ट्रॅक्टरात सगळा संसार चढतो. भांडी, बाजरीचं पोतं, शेरडं, लेकरं, आणि वर डालग्यात कोंबड्या. कारखान्याच्या माळावर कोपी घालायची. मी दहावी झालेलो. टोळीत तेवढं शिकलेला दुसरा कुणी नव्हता. म्हणून कोयता चालवून वर मुकादमाची वही लिहायचं काम माझ्याकडं आलं. किती मोळ्या, किती टन, कुणी किती उचल घेतली, आणि कुणाचे किती खाडे.

खाडा म्हणजे न भरलेला दिवस. कोयत्यातलं एक माणूस आलं नाही तरी खाडा पडतो आणि त्याचा दंड हिशेबातून कापला जातो. २०१९ च्या सुमाराला एका खाड्याला ५०० रुपयांपर्यंत कापायचे. ताप आला, खाडा. लेकरू आजारी, खाडा. बाईला पाळीत उभं राहवंना, खाडा. वहीत कारण लिहायला रकानाच नव्हता. फुली मारायची, एवढंच. आमच्या मालकिणीला पाळीचा त्रास फार. फडात आडोसा नाही, पाणी नाही, कपडा धुवायची सोय नाही, पहाटे चारला उठून दिवसभर वाकायचं आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. महिन्याला दोन-तीन फुल्या तिच्या नावापुढं पडायच्या. त्या मीच मारायचो.

मग तिला अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. एका खासगी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल, दोन लेकरं झालीत ना, आता ती कशाला ठेवता? दुसऱ्या डॉक्टरला विचारावं हे आम्हाला सुचलं नाही. पैसे मुकादमानं दिले, पुढच्या वर्षाच्या उचलीत धरून. तेव्हा मालकीण पस्तिशीतसुद्धा नव्हती. ऑपरेशन झालं. तिची तब्येत बरी व्हावी असं मला वाटत होतं, हे खोटं नाही. पण आज खरं लिहायला बसलोय तर हेही लिहितो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या माझ्या मनात आलं होतं, चला, निदान महिन्याचे खाडे तरी बंद होतील.

ते बंद झालेही. त्या हंगामात ऑपरेशनच्या सलग चोवीस फुल्या मी तिच्या नावापुढं मारल्या, मग ती परत फडात आली. पण दोन वर्षांत तिची कंबर गेली. थंडीतसुद्धा अंगातून वाफा निघायच्या, रात्र रात्र झोप नसायची. हाडं दुखायची, अजून दुखतात. चाळिशीच्या आत ती म्हातारी झाली. शेवटी कोयताच सुटला. आज तिला खाली वाकून खुराडं झाडता येत नाही, म्हणून कोंबड्या माझ्याकडं आल्या. मी काही हौसेनं कोंबडीवाला झालेलो नाही.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांची बातमी पेपरांत आली. सरकारनं समिती नेमली, आरोग्य खात्यानं पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांना विचारलं, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. मुंबई-पुण्याची माणसं हादरली. मी हादरलो नाही. मी फक्त आमच्या टोळीतल्या बाया बोटांवर मोजल्या. बारा कोयत्यांत पाच.

त्याच दिवसांत खुराड्यातली एक लाल तलंग पहिल्यांदा खुडूक झाली. अंड्याची वही मी सवयीनं लिहितोच, कोणत्या कोंबडीनं कधी अंडं दिलं. त्या दिवशी तलंगीच्या नावापुढं अंडं नव्हतं. मी पेन उचलला आणि फुली मारली. मारल्यावर माझा हात थांबला. ही फुली मला ओळखीची होती.

हे सगळं लिहावं का, असं मी मालकिणीला विचारलं. तिला वाटेल की मी तिची लाज उघड्यावर मांडतोय. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कोंबडीच्या रांगेत बसवायलाव व्हय?"

मी म्हणलो, "तसं नाही. पण मला दोन्ही सारखंच दिसायलंय."

"सारखं नाही," ती म्हणाली. "कोंबडीला बोलता येत नाही. तिला कुणी इचारावं? मला तर येत होतं की. डॉक्टर तुमच्याकडं बघून बोलला. मुकादमानं पैसे तुमच्या हातात दिले. मी तिथंच बाकड्यावर बसले होते. मला कुणी इचारलं का?"

मग थोड्या वेळानं म्हणाली, "ल्ह्या. पण हेबी ल्ह्या."

म्हणून लिहिलं. माझ्या सगळ्या विचारात जी गोष्ट मला दिसली नव्हती, ती तिनं दोन वाक्यांत दाखवली. मुक्या जनावराच्या बाबतीत माणसाला स्वतःच विचार करावा लागतो, कारण ते सांगू शकत नाही. माणसाच्या बाबतीत तेवढं पुरत नाही, विचारावं लागतं. मी माणसाला मुकं धरलं. कोंबडीच्या रांगेत तिला मी आज लिहिताना बसवलेलं नाही, त्या व्हरांड्यातच बसवलं होतं.

मग खुडूक मोडणं पाप आहे का? मालकीण त्या वेळी पाप म्हणाली होती. मी वारकऱ्यांच्या गावातला असलो तरी कोंबडी खाणारा माणूस आहे. पाहुणा आला की कोंबडी कापतो. तेव्हा भूतदयेवर प्रवचन देण्याचा मला अधिकार नाही. शिवाय कधी कधी खुडूक मोडावीच लागते. चैत्र-वैशाखात आमच्याकडं ऊन चाळिशी ओलांडतं. त्या दिवसांत अंडी बसवली तर निम्मी सडतात, निघालेली पिलं उन्हानं माना टाकतात. आणि खाली अंडी नसताना कोंबडी बसली, तर २१ दिवसांनी तिचं काम पुरं होत नाही. पिलांचा आवाज येत नाही, मग ती उठतही नाही. महिना, दीड महिना बसून राहते, वाळते, अंगात उवा भरतात, आणि तशात एखादा रोग आला की पहिली तीच जाते. अशा कोंबडीला उठवणं ही तिची काळजीच आहे.

फक्त त्याला हौद लागत नाही. मी आता काय करतो ते सांगतो. फळ्यांच्या खोक्याला खाली जाळी मारलीय. ते खोकं चार विटांवर उचलून सावलीत ठेवायचं, म्हणजे खालून वारा लागतो. आत गवत, भुसा काही टाकायचं नाही. दाणा-पाणी भरपूर ठेवायचं. त्यात कोंबडी तीन-चार दिवस ठेवली की पोटाखालची ऊब उतरते, ती आपोआप फिरायला लागते. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ओळखून हे केलं तर लवकर उठते, आठवडाभर बसू दिल्यावर वेळ लागतो. आणि अंडी रोजच्या रोज उचलली तर मुळात ढीग बघून बसायची ओढही कमी होते. यात कोंबडीला उपास नाही, नाकात पीस नाही. काम तेच होतं.

म्हणजे प्रश्न खुडूक मोडली की नाही हा नाही. प्रश्न हा की कुणासाठी मोडली, आणि तिची किंमत कुणी भरली. पोटासाठी मोडली असंल तर तसं स्वतःशी कबूल करावं. उपाशी घरातल्या बाईनं अंड्यासाठी खुडूक मोडली तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण "कोंबडी आळशी झालीय, तिला वठणीवर आणतो" असं म्हणायचं, आणि मग तिच्यावर हसायचं, हे मात्र चूक. मी तेच केलं होतं. बुडवण्याहून माझं ते हसणं मला आता जास्त सलतं.

हिशेबातही आमची चूकच होती. बारा अंडी दहा-दहा रुपयांनी विकली तर १२० रुपये. तीच बारा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर आठ-नऊ पिलं निघतात, त्यांतली घार, मुंगूस, बोका यांच्या तावडीतून पाच-सहा वाचतात. सहा-सात महिन्यांत त्यांतला एकेक कोंबडा चारशे-पाचशेला जातो आणि तलंगा अंड्याला येतात. रोजच्या अंड्याची वही हे सांगत नाही, कारण त्या वहीला उद्याचा रकाना नाही. वहीत फुली दिसते, पण पोटाखाली वाढत असतं ते दिसत नाही. मुकादमाच्या वहीचंही तसंच. महिन्याचे तीन खाडे वाचले हे तिच्यात आलं. मालकिणीची वीस-पंचवीस वर्षं गेली, ती कोणत्याच वहीत नाहीत.

ज्यांना खाडा अजिबात नको होता, त्यांनी खुडूक न होणारी कोंबडी तयार केली. लेअर फार्मवरच्या पांढऱ्या कोंबड्या तशा आहेत. पिढ्यान् पिढ्या निवड करून त्यांच्यातली बसायची ओढ काढून टाकली. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या लेकराच्या ताटात आलं, ही गोष्ट लहान नाही आणि मी ती नाकारत नाही. पण त्या कोंबडीला स्वतःचं पिलू काढता येत नाही, त्याला यंत्र आणि वीज लागते. आणि रोज अंड्याचं कवच घडवताना खाद्यातला चुना कमी पडला, तर तो ती आपल्या हाडांतून काढून देते. शेवटी शेवटी अशा कोंबड्यांची हाडं इतकी ठिसूळ होतात की धरताना मोडतात. सरकारी योजनेतून आमच्याकडं आलेल्या गिरिराज, वनराज कोंबड्या अंड्याला, मांसाला गावठीपेक्षा चांगल्या, पण त्याही सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी उबवायला आम्ही शेवटी गावठीच्याच पोटाखाली ठेवतो. जिला आळशी म्हणतो, तिच्याच जिवावर सगळी वंशावळ चालते.

मग आपण तिचं काय देणं लागतो? मला वाटतं, ती जे काम करते ते नीट करता येईल एवढी सोय. पाटीत खाली राख आणि लिंबाचा पाला टाकावा, म्हणजे उवा-पिसवा होत नाहीत. वर बारीक भुसा. तिच्या अंगाखाली मावतील एवढीच अंडी ठेवावीत, दहा-बारा. हाव धरून पंधरा ठेवली की कडेची गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली असावीत. सातव्या रात्री एकेक अंडं बॅटरीच्या उजेडात धरून बघावं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवावं, कोरं दिसलं तर काढावं. दाणा-पाणी हाताच्या अंतरावर, पण पाटीच्या बाहेर, म्हणजे तिला उठावं लागंल. एखादी कोंबडी इतकी इमानानं बसते की उठतच नाही. तिला रोज सकाळी दोन हातांनी अलगद उचलून बाहेर ठेवायची. माझी माय गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून पाटीत लोखंडाचा खिळा ठेवायची. खिळ्यानं काय होतं मला माहीत नाही, पण खिळा ठेवायच्या निमित्तानं ती रोज पाटीत हात घालून बघायची, एवढं खरं.

आणि लस. ही सगळ्यात मोठी सोय. आमच्याकडं मानमोडी येते. सरकारी भाषेत राणीखेत, बाहेरच्या देशांत तिला न्यूकॅसल म्हणतात. हिरवी-पांढरी हगवण, पंख गळतात, मान पिळवटते, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं. औषध नाही, लसच आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात-नाकात, मग आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन. पण अडचण अशी की आमच्याकडं मिळणारी बाटली शंभर कोंबड्यांची, आणि घरात कोंबड्या दहा. लस बर्फातून आणावी लागते, एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. एकट्या घराला परवडत नाही. म्हणून कुणीच करत नाही. मानमोडी आली की लोक घाईनं कोंबड्या बाजारला नेतात आणि रोग पुढच्या गावाला विकून येतात. मीही एकदा पाच कोंबड्या विकल्यात. घेणाऱ्या बाईला सांगितलं नव्हतं. तिच्या खुराड्याचं काय झालं ते मी विचारायला गेलो नाही. तीही कुणाची तरी वही, माझ्या रकान्यात न येणारी.

आता आमच्या गल्लीतली नऊ घरं मिळून वर्षातून तीन वेळा एक बाटली आणतो. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की लहान पोरं धरून देतात, मी टोचतो. वर्गणी कोंबडीमागं. पहिल्या वर्षी दोन घरं म्हणाली, आमच्या कोंबड्या चांगल्यायत, आम्ही कशाला पैसे देऊ? त्यांना समजवायला मालकीण गेली. काय बोलली माहीत नाही, पण दुसऱ्या खेपेला ती घरं आली. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या, भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्याही सरकारनं मारून पुरल्या. आमच्याच पाटोदा तालुक्यात मुगावला कावळे मरून पडले. त्या वेळी आमच्या गल्लीत सगळ्यांना एक गोष्ट कळली, खुराडं ज्याचं त्याचं असलं तरी वारा सगळ्यांचा एकच आहे. बर्ड फ्लूला आमची मानमोडीची लस चालत नाही. पण नऊ घरं एकमेकांना खरं सांगायला शिकलेली होती. कुणाची कोंबडी मरगळली की लपवत नव्हती, जनावरांच्या दवाखान्यात कळवत होती.

परवा मी ही पानं लिहीत असताना लाल कोंबडी परत खुडूक झाली. तलंग होती ती आता जुनी झालीय, तिची ही कितवी तरी खेप. दिवाळी होऊन गेलेली, हवा चांगली, तेव्हा तिला बसवायची ठरलं. मालकीण पायरीवर बसून अंडी निवडत होती, कानाला लावून हलवून बघत होती, मी पाटीत राख पसरत होतो. तिला वाकता येत नाही, म्हणून अंडी एकेक करून ती माझ्या हातात देत होती. अकरा झाली. मी म्हणलो, अजून दोन मावतील. ती म्हणाली, "नगं. तिच्या अंगाकडं बघा, आधीच वाळलीय. अकरा बास."

मी विचारलं होतं, तिनं सांगितलं. अकराच ठेवली.

रात्री वही काढली. आता तिच्यात एक रकाना वाढवलाय. लाल कोंबडीच्या नावापुढं फुली मारायच्या जागी मी तारीख घातली आणि लिहिलं, "कामावर".